कळविण्यास खेद होतो की...

काष्टीच्या बाजारात बैल नापसंत करायचा असला तरी कारण द्यावे लागते.

दौंडहून नगरकडे जाणाऱ्या गाडीत बसलात आणि भीमेचा पूल ओलांडला, की काष्टी येते. तालुका श्रीगोंदा. जिल्हा आमच्या वेळी अहमदनगर होता, आता अहिल्यानगर आहे. जिल्ह्याचे नाव बदलले, पण काष्टीचा शनिवार काही बदलला नाही. शनिवारी इथे जनावरांचा बाजार भरतो आणि त्या दिवशी गावात माणसांपेक्षा शिंगे जास्त दिसतात. माझे आजोळ इथले. त्यामुळे शाळेतले शिक्षण पुण्याला आणि सुट्टीतले शिक्षण मामांच्या मागे मागे या बाजारात, असे माझे दुहेरी शिक्षण झाले. त्यांपैकी उपयोगी कुठले पडले, हे सांगण्याची गरज नाही.

बाजारात गिऱ्हाईक येते. बैलाचे तोंड उघडून दात बघते. आदत, दोनदाती, चारदाती की जुळलेला. पाठीवरून हात फिरवते, भोवरे तपासते, चार पावले चालवून बघते. मग हेडी आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालतात आणि बोटे दाबून भावाची बोलणी करतात. भाव असा झाकलेला. पण नकार मात्र उघड्यावर. गिऱ्हाईक "नको" म्हणाले, की मालक लगेच विचारतो, "का नको?" आणि त्याला उत्तर मिळतेच. "मागचा पाय टाकतोय." "खांदा आलाय." "भोवरा चांगला नाय." मग मालक वाद घालतो, "पाय टाकतोय कुठं? कालच पत्री मारलीय, म्हणून बिचकतोय." बैल पुन्हा चालवून दाखवतो. कधी गिऱ्हाइकाला पटते आणि सौदा होतो. कधी मालकालाच पटते आणि तो मुकाट्याने बैल घरी नेऊन, खांद्याला औषध लावून, पुढच्या शनिवारी परत आणतो. पण "आपल्या बैलाचा विचार करण्यात आला, तथापि तो घेता येत नाही, हे कळविण्यास खेद होतो," असे म्हणून काखेत छत्री मारून निघून गेलेला गिऱ्हाईक मी काष्टीत अजून पाहिलेला नाही. तसा कोणी गेला असता, तर त्याला स्टेशनपर्यंत सुखरूप पोहोचता आले असते की नाही, याचीही मला शंका आहे.

बैलाला हा मान. आता माझ्या मामांची गोष्ट ऐका.

१९८१ साली मामांनी गावात पिठाची गिरणी टाकायचे ठरवले. जवळच एक गिरणी होती. ती तात्यांची. तात्या आणि मामा शाळेत एका पाटीवर गिरवलेले. त्यामुळे गिरणी काढण्याआधी मामांनी तात्यांना विचारले होते आणि तात्या म्हणाले होते, "काढ की. गाव काय माझ्या एकट्याच्या जात्यावर जगतंय?" मग एका कार्यालयाची परवानगी काढायची ठरली. अर्ज कोणी लिहायचा? अर्थात पुण्याला कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याने! मी तो अर्ज असा काही लिहिला, की 'सविनय', 'नम्र' आणि 'उपरोक्त' हे शब्द प्रत्येकी तीनदा आले. तो वाचून मामी म्हणाल्या, "एवढ्या अर्जावर गिरणी काय, कारखाना देतील." अर्ज मी पुण्याहून रजिस्टर पोस्टाने पाठवला.

चार महिन्यांनी उत्तर आले. ते मला अजून पाठ आहे, कारण त्यात पाठ न होण्यासारखे काही नव्हतेच. अर्जाचा विचार करण्यात आला आहे, विनंती मान्य करता येत नाही, कळविण्यास खेद होतो. खाली सही. सहीखाली शिक्का. बस्स.

मामांनी कागद उलटून मागची बाजू बघितली. तिथे काही नव्हते. मग म्हणाले, "साहेबाला खेद झाला, एवढं कळलं. पण का झाला?"

पुढे दोनदा तालुक्याला जाऊन आले. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा साहेब जागेवर होते, पण म्हणाले, "कळवलंय ना तुम्हाला?" कळवले होते हे खरेच.

आता माणसाच्या मनाची एक गंमत आहे. त्याला कारण दिले नाही, तर तो कारणावाचून राहत नाही. तो स्वतः तयार करतो. आणि घरी केलेले कारण सरकारी कारणापेक्षा नेहमीच जास्त तिखट असते. मामांच्या घरी आठ दिवस कारणे दळली जात होती. कोणी म्हणे पैसे चारले नाहीत म्हणून. कोणी म्हणे मागच्या निवडणुकीत आपण कुणाच्या जीपमध्ये बसलो होतो, ते वर पोचले म्हणून. शेवटी एकाने येऊन सांगितले, की त्याच सुमाराला तात्यांना तालुक्याच्या त्या कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना त्याने डोळ्यांनी पाहिले होते. झाले! कारण सापडले. दुसरी गिरणी झाली तर नुकसान कोणाचे? तात्यांचे. मग फाईल दाबली कोणी? तात्यांनी. इतके सरळ गणित मामांना शाळेत कधी सुटले नव्हते.

मामांनी तात्यांशी बोलणे टाकले. तात्यांच्या मुलीच्या लग्नाला आमच्या घरचे कोणी गेले नाही. आजी गेली तेव्हा तात्या दारापर्यंत आले होते. मामांनी मान वळवली, म्हणून तिथूनच परत फिरले. आणि सगळ्यात मोठी शिक्षा झाली ती मामींना. तात्यांची गिरणी घरापासून चाळीस पावलांवर. पण तिथे दळण टाकायचे नाही असा हुकूम सुटला. पुढे दुसरी गिरणी जवळ होईपर्यंत, पुरी बारा वर्षे, मामी दळणाचा डबा डोक्यावर घेऊन दीड मैलावरच्या वाडीला जात होत्या.

मी तिकडे पुण्यात बसून त्या 'खेद होतो'चे कूळ शोधू लागलो. वाचकहो, एखाद्या घराण्याची वंशावळ शोधावी तशी मी नकाराची वंशावळ शोधली आहे. ती बरीच जुनी आणि बरीच खानदानी निघाली.

आधी आपल्याकडचे पाहा. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा, जमिनीचा तंटा गोतसभेपुढे किंवा न्यायाधीशापुढे गेला, की दोन्ही बाजूंकडून लेखी हकीकत घेत. तिला करीना म्हणत. निकाल मान्य करू, असा राजीनामा आधीच लिहून घेत. (राजीनामा म्हणजे त्या काळी राजी असल्याचा कागद. हल्ली तो नाराज झाल्यावर देतात.) मग साक्षी, जुने कागद, शेजारच्या गावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या जबान्या. आणि शेवटी जे महजर किंवा निवाडपत्र होई, त्यात हा काय म्हणाला, तो काय म्हणाला, पुरावा कोणाचा खरा ठरला आणि म्हणून वतन कोणाचे, हे सगळे ओळीने लिहिलेले. काही निवाडपत्रे इतकी लांब, की ती वाचण्यापेक्षा वतन सोडून दिलेले बरे. सगळाच कारभार शुद्ध होता असे नव्हे. पुरावा सापडला नाही तर दिव्य करायला लावत. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा, हात पिशवीत घालून मोहोरबंद करायचा आणि काही दिवसांनी बघायचे. पण हरलेल्या माणसाला आपण का हरलो, हे निदान कळत असे. मग ते कारण भाजलेला हात का असेना!

रामशास्त्री प्रभुणे पुण्यात न्याय करत होते, त्याच काळात इंग्लंडात लॉर्ड मॅन्सफील्ड नावाचे मोठे न्यायाधीश होते. त्यांची एक गोष्ट सांगतात. वसाहतीत गव्हर्नर होऊन निघालेल्या एका लष्करी गृहस्थाला तिथे न्यायाधीशाचेही काम करावे लागणार होते आणि कायद्याचा त्याला गंध नव्हता. मॅन्सफील्डसाहेबांनी त्याला सल्ला दिला, की तुला जे न्यायाचे वाटेल ते बेलाशक ठरव, पण कारणे कधी देऊ नकोस. निर्णय बहुधा बरोबर येईल, कारणे मात्र खात्रीने चुकतील. माझा असा अंदाज आहे, की त्या गव्हर्नराच्या सामानातून हा सल्ला पुढे सगळ्या वसाहतींत पसरला आणि आमच्या तालुक्याच्या गावीही येऊन पोचला. खुद्द इंग्लंडाला मात्र पुढे उपरती झाली. १९५७ साली फ्रँक्स समितीने सांगितले, की न्यायाधिकरणांनी कारणे द्यावीत, आणि १९५८ साली तसा कायदा झाला. मागणाऱ्याला कारण मिळू लागले.

आपल्याकडे स्वराज्यात हा प्रश्न पहिल्यांदा धसास लागला तो गिरणीवरून नव्हे, सिनेमावरून. मुंबईला अंधेरीत गोरधनदास भानजी नावाच्या गृहस्थांना थिएटर बांधायचे होते. १९४५ साली त्यांनी अर्ज केला. पहिला नकार आला, पण त्यात कारण होते; लोकांचा विरोध आहे आणि अंधेरीत एक थिएटर आहेच, तूर्त दुसरे नको. (अगदी तात्यांच्या गिरणीचा मुद्दा!) मग अंधेरी बृहन्मुंबईत आली आणि परवान्याचा अधिकार पोलीस कमिशनरांकडे गेला. पुन्हा अर्ज, पुन्हा पत्रापत्री, आणि १९४७च्या जुलैत परवानगी मिळाली. भानजीशेठ पडदा केवढा घ्यायचा याचा विचार करताहेत, तोवर सप्टेंबरात कमिशनर कचेरीचे पत्र आले, की सरकारच्या सूचनेवरून कळवतो, दिलेली परवानगी रद्द करण्यात आली आहे. का, ते नाही.

भानजीशेठ मामांपेक्षा खमके. ते कोर्टात गेले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. तिथे कमिशनरांचे म्हणणे असे, की पत्रात काही लिहिलेले असो, विचार आम्हीच केला होता आणि रद्दही आम्हीच केले. १९५१च्या नोव्हेंबरात न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी निकाल दिला. हे बोससाहेब आधी नागपूरला मुख्य न्यायमूर्ती होते. त्यांनी सांगितले, की सार्वजनिक हुकूम हा त्यात लिहिलेल्या शब्दांवरून वाचायचा असतो. माझ्या मनात तेव्हा काय होते, हे अधिकाऱ्याने मागाहून येऊन सांगायचे नसते. अधिकार कायद्याने कमिशनरांना दिला होता आणि त्यांनी तर नुसते सरकारचे पत्र पुढे सरकवले. तेव्हा आता स्वतः विचार करा आणि स्वतः ठरवा.

या निकालातली मेख माझ्या लक्षात यायला वेळ लागला. बैल नको म्हणताना "पाय टाकतो" म्हणायचे आणि पाय धड निघाला, की "नाही, मला शिंगेच आवडली नव्हती" म्हणायचे. हे काष्टीत चालत नाही आणि सर्वोच्च न्यायालयातही चालत नाही. १९७७ साली फिरोजपूरच्या निवडणुकीच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेच आणखी रंगवून सांगितले. त्यांच्या म्हणण्याचा मतितार्थ असा, की हुकूम म्हणजे काही जुनी वाइन नव्हे, ठेवली तेवढी सुधारायला. आपण मराठी माणसे लोणचे म्हणू.

त्याच साली दुसरे एक प्रकरण झाले. १९७७च्या जुलैत मनेका गांधी यांना पासपोर्ट जमा करायला सांगण्यात आले. का? सार्वजनिक हितासाठी. म्हणजे नक्की का? त्यावर उत्तर आले, की कारणे न सांगणे हेही सार्वजनिक हिताचेच आहे. हे वाचल्यावर आमच्या मामांना आलेले पत्र मला एकदम मोकळेढाकळे वाटू लागले! १९७८च्या जानेवारीत न्यायालयाने बजावले, की माणसाच्या स्वातंत्र्याला हात घालताना कार्यपद्धतीही न्याय्य हवी, लहरीची नव्हे. पुढे १९९० साली एस. एन. मुखर्जी यांच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी सांगितले, की ज्यांना न्यायनिवाड्यासारखे काम करायचे आहे, त्या अधिकाऱ्यांनी कारणे नोंदवलीच पाहिजेत. कायद्यानेच सूट दिली असेल तर गोष्ट वेगळी. दैव पाहा, मुखर्जी होते लष्करात, आणि कोर्ट मार्शलच्या बाबतीत तशी सूट आहे असे ठरले. म्हणजे साऱ्या देशाला कारण मिळाले, मुखर्जींना नाही.

तात्यांची गिरणी या सगळ्या काळात चालूच होती आणि मामींची वाडीची वारीही.

मग आमच्या शेजारच्या पारनेर तालुक्यातून वारा सुटला. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे माहितीच्या अधिकारासाठी उपोषणाला बसले. महाराष्ट्राचा कायदा २००२चा, आणि २००५च्या १२ ऑक्टोबरपासून साऱ्या देशाचा कायदा लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमात एक लहानसे वाक्य आहे, ते कोणी मोठ्या अक्षरांत छापत नाही. ज्या माणसावर निर्णयाचा परिणाम होतो, त्याला निर्णयाची कारणे दिली पाहिजेत. मी ते वाचले आणि मामांना फोन केला. मामा तेव्हा सत्तरी ओलांडलेले. म्हणाले, "आता गिरणी काय करायचीय? दात हायत कुठं भाकरी खायला? पण अर्ज कर. तात्याचं नाव कागदावर एकदा बघू दे."

२००६ साली अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. तीस दिवसांच्या आत उत्तर आले. फाईल मुदत संपल्यामुळे नष्ट केलेली. मात्र नोंदवही शिल्लक असून संबंधित पानाची प्रत सोबत जोडली आहे. प्रत पाहिली. अर्जाचा नंबर, तारीख, मामांचे नाव, आणि शेवटी शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द.

'नकाशा नाही.'

मी खुर्चीवर बसलो होतो ते बरे झाले. जागेचा नकाशा मामांनी मला दिला होता. चांगला मोठा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. लिफाफ्यात बसेना, म्हणून मी तो ट्रंकेवर ठेवला होता. मोठा लिफाफा आणून नंतर जोडावा म्हणून. ते 'नंतर' पंचवीस वर्षे झाले तरी आले नव्हते. तीन 'सविनय', तीन 'नम्र', तीन 'उपरोक्त' आणि नकाशा शून्य! फाईल तात्यांनी दाबली नव्हती, साहेबांनी दाबली नव्हती. नकाशा अस्मादिकांनी दाबला होता.

ते दोन शब्द त्या साहेबांनी वहीत लिहिले, तसेच मामांच्या पत्रात लिहिले असते, तर काय झाले असते? मामांनी दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी पकडली असती, मला चार शब्द ऐकवले असते आणि नकाशा स्वतः नेऊन दिला असता. वहीत लिहायला शाई होती, पत्रात लिहायला नव्हती. शिवाय आमचे नशीब, की वहीत तरी लिहिलेले होते. २००८ साली गोव्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की माहिती म्हणजे जे नोंदलेले आहे ते, 'का केले?' याचे उत्तर त्या कायद्याखाली नव्याने मागता येत नाही. म्हणजे कारण निर्णयाच्या वेळीच कागदावर उतरले पाहिजे. नाही उतरले, तर पुढे दहा रुपयांचाच काय, दहा हजारांचा स्टॅम्प लावला तरी ते सापडायचे नाही. २०१५ सालच्या महाराष्ट्राच्या लोकसेवा हक्क कायद्यात तर सरळच घातले आहे, की सेवा नाकारायची असेल तर कारण लेखी नोंदवून अर्जदाराला कळवा. चौतीस वर्षे उशिरा का होईना, मामांच्या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिले.

पण २००६ साली कायद्यापेक्षा मोठा प्रश्न माझ्यापुढे होता. आता मामांना काय कळवायचे? 'आपल्या प्रकरणाची चौकशी केली, तथापि कारण सांगता येत नाही, कळविण्यास खेद होतो'? खरे सांगतो, असे लिहून टाकावे हा मोह मला झाला. त्या दिवशी प्रथमच मला सरकारविषयी थोडी सहानुभूती वाटली. कारण देणे म्हणजे आपली चूक कोणाच्या तरी हातात देणे. दोन शनिवार मी टाळाटाळ केली. तिसऱ्या शनिवारी काष्टीला गेलो आणि तो कागद मामांच्या हातात ठेवून सगळे सांगितले.

मामांनी चष्मा लावून तो शेरा वाचला. पुन्हा वाचला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पायांत वहाणा घातल्या आणि म्हणाले, "चल."

बाजार ऐन भरात होता. तात्या एका खिलारी बैलाजवळ उभे होते. गिरणी मुलाच्या ताब्यात देऊन आता ते नुसते बाजार बघायला येत. मामा समोर जाऊन उभे राहिले आणि कागद पुढे केला.

"तात्या, फाईल तू दाबली नव्हतीस."

"कुठली फाईल?" तात्या म्हणाले.

वाचकहो, तात्यांना काहीच ठाऊक नव्हते. त्या दिवशी ते तालुक्याला गेले होते ते स्वतःच्या कुठल्या तरी दाखल्यासाठी. पंचवीस वर्षे त्यांना एवढेच माहीत होते, की आपला मित्र एके दिवशी बोलायचा थांबला. मामांनीही त्यांना कारण दिले नव्हते! तात्यांनीही मग घरी बसून कारणे तयार केली होती. पोरीच्या लग्नात मानपानाचे काही चुकले असेल, उसने दिलेले परत करायचे राहिले असेल, काय काय. सगळी हकीकत ऐकून झाल्यावर ते एवढेच म्हणाले, "अरे, मला एकदा इचारायचं तरी. बैलाला पण इचारत्यात."

दोघे म्हातारे तिथेच हॉटेलात बसून चहा प्यायले. बिल मी दिले. त्याचे कारण कोणी विचारले नाही.

संध्याकाळी मामा तात्यांना घेऊन घरी आले. मामी चुलीपुढे होत्या. मामांनी त्यांना मोठ्या उत्साहाने सगळे पहिल्यापासून सांगितले. नकाशा, नोंदवही, शेरा, माझा गाढवपणा, कायद्याचे चौथे कलम. मामींनी शांतपणे ऐकून घेतले, तात्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि मामांकडे वळून म्हणाल्या,

"ते समदं झालं. पण बारा वर्सं दळण मी वाडीला वाहिलं, त्याचा शेरा कुठल्या वहीत हाय?"

मामा खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिले.